जखम पायावर, दुखणं रक्तात

गळीत हंगाम संपला की आपल्या कारखान्याच्या दवाखान्यातील गर्दीचा रंग पालटतो. हंगामात कोयत्याचे वार, पाचटाने चिरलेले हातपाय, गाडीच्या साखळीत सापडलेली बोटे असे ताजे मामले येतात. चैत्र-वैशाखात मात्र घरात दडवून ठेवलेली जुनी दुखणी बाहेर पडतात. त्यात घोट्याजवळच्या न भरणाऱ्या जखमा पुष्कळ असतात. अशा जखमांपैकी एका दुर्मिळ, पण ओळखता येण्याजोग्या प्रकाराची माहिती आज द्यावयाची आहे. त्याचे मूळ कातडीत नसून रक्ताच्या गोठण्यात असते, आणि ते लवकर न कळल्यामुळे माझ्याच हातून एका घराचे नुकसान झाले आहे. म्हणून हा लेख.

एका सूनबाईंची हकीकत

आपल्यापैकीच एका सभासद बंधूंच्या सूनबाई, वय तिशीच्या पुढे. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात दोन्ही पायांच्या घोट्यांभोवती जांभळट डाग उठले. त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या जखमा झाल्या. जखम लहान, पण कळ एवढी की रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना. मी लघवी-रक्तातील साखर तपासली, ती ठीक. शिरा फुगलेल्या नव्हत्या. मलमपट्टी केली, जंतुनाशक गोळ्या दिल्या. पावसाळ्यात जखमा भरल्या. मला वाटले, काम झाले. पुढच्या वैशाखात पुन्हा तेच. मीही पुन्हा तेच औषध दिले.

जखमा भरल्या तेथे कपबशीच्या काठासारखे पांढरे व्रण राहिले. पांढरे डाग आणि न भरणाऱ्या जखमा एवढ्यावर भावकीत कुजबूज सुरू झाली. सासरे एकदा दार लोटून हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, खरं सांगा, हे महारोगाचं तर नव्हं?" मी नाही म्हणालो. पण मग काय आहे, हे मला सांगता आले नाही. तेवढ्यात घरात सूनबाईंचे ताट-तांब्या वेगळे झाले होते. खुरपणीला त्यांच्या शेजारी कोणी बसेना.

तिसऱ्या वर्षी त्यांना शहरातील त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी पाय पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "बाई, कधी गर्भपात झालाय का?" सूनबाई रडू लागल्या. पहिल्या मुलीनंतर दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोट पडले होते. दोन उन्हाळे मी त्यांच्या पायावर पट्ट्या बांधल्या, पण हा प्रश्न मला सुचला नाही. पायाचा आणि पोटाचा संबंध काय, असे कोणालाही वाटेल. तो संबंध रक्तात आहे.

रक्ताचे दोन धर्म

रक्ताला दोन उलट कामे करावी लागतात. शिरेत असताना पाण्यासारखे वाहायचे आणि शीर कापली की लगेच गोठायचे. कोयत्याने बोट कापले, दाबून धरले की काही मिनिटांत रक्त थांबते. हे कसे होते? डेंग्यूच्या साथीमुळे प्लेटलेट हा शब्द आता घरोघरी माहीत आहे. या प्लेटलेट प्रथम भोकावर चिकटतात. मग रक्तातील निरनिराळे घटक एकामागून एक जागे होतात आणि शेवटी फायब्रिन नावाचे चिवट धागे तयार होतात. या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी बनते. विरजण लागल्यावर दूध घट्ट व्हावे, तसेच हे दिसते.

पण विरजण एका चमच्यावर थांबत नाही, सगळे भांडे धरते. रक्ताचे तसे होऊन चालणार नाही. म्हणून शरीराने ब्रेक ठेवले आहेत. प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन हे त्यातले मुख्य. गुठळी जखमेपुरतीच राहावी, हे काम त्यांचे. शिवाय काम संपल्यावर गुठळी विरघळवणारी वेगळी यंत्रणा आहेच.

यात बिघाड दोन बाजूंनी होतो. एक म्हणजे रक्त गोठतच नाही. हिमोफिलिया हा जन्मजात आजार त्यातला. घोणस चावल्यावरही असेच होते. तिच्या विषाने गोठण्याची क्रिया अंगभर इतकी भडकते की गोठवणारे घटकच संपून जातात आणि मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते. म्हणून सर्पदंशाच्या रोग्याचे थोडे रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवून ते गोठले की नाही हे डॉक्टर पाहतात.

दुसरा बिघाड उलटा. शीर कापलेली नसतानाही रक्त आतल्या आत गोठते. अशी गुठळी पोटरीच्या मोठ्या शिरेत झाली तर पाय सुजतो. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. मेंदूच्या रक्तवाहिनीत झाली तर अर्धांगवायू होतो. आणि कातडीतल्या केसासारख्या बारीक वाहिन्यांत झाली तर? तेच आपले आजचे दुखणे. डॉक्टरी भाषेत त्याला लिव्हेडॉइड व्हॅस्क्युलोपथी म्हणतात. नाव अवघड आहे, पण मामला समजण्यासारखा आहे.

ठिबकचा ड्रिपर बंद पडतो तेव्हा

आपल्यापैकी बरेच जण आता ठिबकवर ऊस करतात. मोटर चालू, फिल्टर साफ, नळीत पाणी भरलेले, तरी एखाद्या ठिकाणचा ऊस पिवळा पडतो. ड्रिपरमध्ये क्षार साचून तो बंद झालेला असतो. तेथे वरून कितीही युरिया टाका, ऊस हिरवा होत नाही. आधी ड्रिपर मोकळा करावा लागतो.

या रोगात तेच घडते. मोठ्या रक्तवाहिन्या ठीक असतात, पायाची नाडी चांगली लागते. पण कातडीतल्या बारीक वाहिन्या फायब्रिनच्या गुठळ्यांनी बुजतात. तेवढ्या तुकड्याला रक्त मिळत नाही, तो तुकडा मरतो आणि जखम होते. वरून लावलेले मलम म्हणजे बंद ड्रिपरवर टाकलेला युरिया. माझ्या दोन उन्हाळ्यांच्या औषधांचे तसेच झाले.

हे घोट्याजवळच का होते? ही जागा हृदयापासून लांब आणि खाली. तेथे रक्त मंद चालते आणि उभ्याने काम करणाऱ्याच्या पायात ते तुंबते. शेतात पाणी पाटाच्या शेपटाला जसे रेंगाळते तसेच. मंद वाहणारे रक्त गोठायला सोपे.

हा रोग दुर्मिळ आहे. वर्षाला लाखात एखाद्यालाच नव्याने होतो, असा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो सुमारे तिप्पट आढळतो, आणि बहुधा तरुण व मध्यम वयात, म्हणजे घराचा भार डोक्यावर असताना.

डॉक्टरांनाही वाट सापडायला वेळ लागला

या पांढऱ्या व्रणांना १९२९ साली मिलियां या फ्रेंच डॉक्टरांनी नाव दिले. १९५५ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या फेल्डेकर व सहकाऱ्यांनी पायावरची जांभळट जाळी आणि उन्हाळ्यात होणाऱ्या जखमा यांचे एकत्र वर्णन केले. आपल्या सूनबाईंच्या जखमाही उन्हाळ्यातच उठत होत्या, हे लक्षात घ्या. १९६७ साली बार्ड आणि विंकेलमन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्यांतील बदल दाखवले, पण त्या वेळी हा रक्तवाहिन्यांचा दाह, म्हणजे सूज, मानला गेला. म्हणून अनेक रोग्यांना सूज मारणारी स्टेरॉइड औषधे दिली जात.

पुढे रक्ताचे ज्ञान वाढले. १९८३ साली लंडनच्या डॉ. ग्रॅहॅम ह्यूज यांनी अँटिफॉस्फोलिपिड हा विकार मांडला. त्यात शरीर स्वतःच्याच विरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते आणि रक्त गोठू लागते. १९९३ साली स्वीडनच्या डालबेक यांना असे रोगी आढळले की ज्यांच्या रक्तावर प्रोटीन सी चा ब्रेक लागत नव्हता. १९९४ साली नेदरलँड्समधील लायडन शहरात त्याचे कारण सापडले. गोठवणाऱ्या पाचव्या घटकात जन्मतःच एक बारीक बदल असतो, त्यामुळे ब्रेकला पकड मिळत नाही. त्या शहरावरून त्याला फॅक्टर फाइव्ह लायडन म्हणतात.

अशा शोधांमुळे डॉक्टरांची नजर बदलली. आज या रोगात आधी गुठळी होते, आणि सूज असलीच तर मागाहून येते, असे मानतात. रोग तोच, पण मूळ समजल्यावर औषध बदलले.

गोठण्याचे कोणते दोष सापडतात?

१. जन्मजात दोष : प्रोटीन सी, प्रोटीन एस किंवा अँटिथ्रॉम्बिन कमी असणे, तसेच वर सांगितलेला फॅक्टर फाइव्ह लायडन. हा शेवटचा दोष युरोपीय वंशाच्या लोकांत शेकडा पाचजणांच्या आसपास असतो. आपल्याकडे तो त्यामानाने कमी.

२. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिद्रव्ये : यात पायाच्या कातडीत गुठळ्या होतात, तशाच गरोदरपणी वारेतील रक्तपुरवठ्यातही बाधा येते आणि गर्भ टिकत नाही. सूनबाईंच्या रक्तात हीच सापडली. एकदा सापडून भागत नाही. किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासून खात्री करावी लागते. त्यांची दुसरी तपासणीही तशीच आली.

३. होमोसिस्टीन वाढणे : हा रक्तातील एक पदार्थ आहे. बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वांची कमतरता असली की तो वाढतो. ही गोष्ट आपल्या अंगणातली आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतील ४४१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी आणि ५८ टक्के लोकांत होमोसिस्टीन जास्त आढळले. याचा अर्थ या सगळ्यांना पायाचा रोग होणार असा मुळीच नाही. पण जखमेच्या रोग्यात हा दोष सापडला, तर तो स्वस्त गोळ्या-इंजेक्शनांनी दुरुस्त होतो. बी-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. भाजी-भाकरीतून मिळत नाही.

४. गुठळी विरघळवण्याची शक्ती कमी असणे, किंवा लायपोप्रोटीन (ए) हा रक्तातील चरबीचा प्रकार जास्त असणे.

आणि हेही सांगितले पाहिजे की पुष्कळ रोग्यांत सर्व तपासण्या करूनही दोष हाती लागत नाही. तरीही कातडीच्या तुकड्यात गुठळ्या दिसल्या, तर उपचार करावेच लागतात.

ओळखायचे कसे?

पायाची प्रत्येक जखम या रोगाची नसते. बहुतेक नसतातच. म्हणून पुढील फरक ध्यानात ठेवा.

फुगलेल्या शिरांची जखम बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूला, पसरट, पाणी सुटणारी असते. पाय वर केल्यावर बरे वाटते.

मधुमेहाची जखम बहुधा तळव्याला किंवा बोटांना होते. तेथे बधिरपणा असल्याने दुखत नाही, म्हणूनच ती घातक.

विडी-तंबाखूने मोठ्या वाहिन्या आखडल्या तर बोटे गार, काळी पडतात आणि चालताना पोटरीत गोळे येतात.

महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही. आजच्या आपल्या रोगात स्पर्शसुद्धा सोसत नाही. एवढा साधा फरक त्या घराला कोणी वेळेवर समजावला असता, तर ताट वेगळे झाले नसते. आणि महारोग असता तरी ताट वेगळे करण्याचे कारण नव्हते. तो औषधाने पूर्ण बरा होतो.

लिव्हेडॉइड व्हॅस्क्युलोपथीच्या खुणा तीन. पायावर तुटक जाळीसारखे जांभळट पट्टे. घोट्याभोवती लहान लहान, अतिशय दुखणाऱ्या, वारंवार उलटणाऱ्या जखमा. आणि त्या भरल्यावर राहणारे चिनीमातीसारखे पांढरे, खोलगट व्रण, ज्यांच्या कडेला लाल ठिपके व तपकिरी छटा असते. या तिन्ही दिसल्या की तज्ज्ञ डॉक्टर जखमेच्या कडेचा पुरेसा खोल तुकडा काढून तपासतात. "तुकडा काढला की रोग पसरतो" अशी समजूत आहे, ती खोटी आहे. रक्ताच्या तपासण्या शक्यतो रक्त पातळ करणारे औषध सुरू होण्याआधी करून घ्याव्यात. वॉरफरिनसारख्या औषधाने प्रोटीन सी व एस कमी दिसतात आणि निष्कर्ष चुकतो.

उपचार आणि त्यातली जोखीम

मुख्य औषध म्हणजे रक्त गोठू न देणारे. लोक त्याला रक्त पातळ करणारे म्हणतात. यात हेपॅरिनची इंजेक्शने, वॉरफरिनच्या गोळ्या आणि रिव्हारोक्साबानसारख्या नव्या गोळ्या येतात. जर्मनीतील काही रुग्णालयांत पंचवीसेक रोग्यांना रिव्हारोक्साबान देऊन पाहिले. १२ आठवड्यांत शंभरपैकी ६५ इतकी असलेली वेदना ६ वर आली, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. प्रयोग लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे खरे. पण रोगच दुर्मिळ, तेथे एवढी माहितीही मोलाची. याशिवाय ॲस्पिरिन, पेंटॉक्सिफायलिन, हट्टी रोगात महागडी इम्युनोग्लोब्युलिनची सलाईन हे उपाय तज्ज्ञ योजतात.

मात्र नवी गोळी सगळ्यांना चालते असे नाही. अँटिफॉस्फोलिपिडचा जोर असलेल्या रोग्याला रिव्हारोक्साबान योग्य नसते, त्यांना बहुधा वॉरफरिनच द्यावे लागते. सूनबाईंना तेच दिले. म्हणून शेजाऱ्याची गोळी आपण खाऊ नये.

ठिबक मोकळे करण्यासाठी आपण ॲसिड सोडतो, पण मापाने. जास्त झाले तर मुळ्या जळतात. या औषधांचेही तसेच. कमी पडले तर गुठळी, जास्त झाले तर रक्तस्राव. म्हणून पुढील पथ्ये :

• वॉरफरिन घेणाऱ्याने आय.एन.आर. ही रक्ताची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी. बरे वाटते म्हणून खाडा करू नये.

• मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्या बंद करू नयेत, पण एक दिवस पातेलेभर आणि मग महिनाभर नाही असेही करू नये. प्रमाण सारखे ठेवावे.

• अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. दोन्ही औषधे मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. झाडपाल्याचे औषधही डॉक्टरांना सांगूनच घ्यावे.

• काळी शौच, लाल लघवी, डोक्याला मार, न थांबणारे रक्त यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

• दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी सांगावे. वॉरफरिनने गर्भाला अपाय होतो. त्या काळात हेपॅरिनची इंजेक्शने देता येतात. गरोदर राहण्याचा मार्ग बंद झालेला नसतो.

• कुटुंबनियोजनाच्या किंवा पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. काहींमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते.

• विडी, तंबाखू, मिश्री बंद. तासन् तास एका जागी उभे राहणे टाळावे, बसताना पाय उंचावर ठेवावेत. दाब देणारे मोजे पायाची नाडी तपासल्यावरच वापरावेत.

• जखमेवर चुना, राख, तंबाखू लावू नये. डाग देऊ नये. मेलेल्या कातडीला जाळून रक्तपुरवठा परत येत नाही.

सूनबाई आज कशा आहेत?

औषध सुरू झाल्यावर आधी रात्रीची कळ गेली, मग जखमा सावकाश भरल्या. मागचा उन्हाळा कोरडा गेला. या उन्हाळ्यात एक बारीक जखम झाली, तेव्हा त्या दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आल्या. पांढरे व्रण तसेच आहेत, ते जाणार नाहीत. तालुक्याला रक्त तपासायला जाण्याचा खर्च आणि दिवसाची मोड आहेच. हा रोग मुळासकट उपटता येत नाही, आवरून ठेवावा लागतो. ताटाचे विचाराल तर मी सासऱ्यांना सगळे समजावून सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोट पडलं तवाबी आम्ही तिलाच बोल लावला होता." पुढे त्या घरी चहाला गेलो, तेव्हा सूनबाई सगळ्यांच्या पंगतीत बसल्या होत्या.

सभासद बंधू-भगिनींनो, विनंती एवढीच. घरात कोणाच्या पायाची जखम सहा आठवड्यांत भरली नाही, किंवा भरून पुन्हा त्याच जागी उलटली, तर ती झाकू नका. दवाखान्यात येताना जुने कागद, चालू औषधांची पाकिटे आणा. बाईमाणूस असेल तर पूर्वी गर्भपात झाला का, आणि घरात कोणाला कमी वयात अर्धांगवायू किंवा पायात गुठळी झाली होती का, हे आपण होऊन सांगा. मी विचारायला विसरलो, तरी सांगा.